कमाल भार : पन्नास हजार पानं

१

एकोणतीस तारखेला सकाळी साडेदहाला वजनमाप कार्यालयातला प्रिंटर मेला.

मेला म्हणजे अगदी माणसासारखा मेला. आधी खाकरला, मग एक कागद अर्धा बाहेर काढून तसाच धरून बसला, आणि मग पोटात काहीतरी तुटल्याचा आवाज आला. वय म्हणाल तर तीन महिने. त्याचं खोकं अजून भांडारात होतं आणि खोक्यातला थर्माकोल अजून पांढरा होता.

टायपिस्ट ताईंनी त्याला दोनदा बंद-चालू केलं, एकदा थोपटलं, आणि मग भांडारपालाला हाक मारली. इथे काहीही मोडलं की भांडारपालाला बोलवायचं असा प्रघात होता, कारण मोडलेली वस्तू कधी ना कधी त्यानेच आणलेली असायची.

भांडारपाल आला आणि यंत्रासमोर उकिडवा बसला. यंत्राच्या कपाळावर त्याने स्वतःच्या हाताने चिकटवलेली पितळी पट्टी चकाकत होती : ‘कमाल भार ५०,००० पानं दरमहा’. शहरभरचे तराजू, वजनं आणि मापं तपासून त्यांवर शिक्के मारणं हेच या कार्यालयाचं काम. त्यामुळे कमाल भार लिहिलेला नाही अशी वस्तू इथे उंबरा ओलांडून आत येत नसे. शिडीवर पट्टी होती, पाण्याच्या टाकीवर होती. साहेबांच्या खुर्चीवरसुद्धा होती, पण साहेब बसले की ती दिसत नसे.

“गेला?” साहेबांनी दारातूनच विचारलं. ते नेहमी दारातूनच विचारत. आत येऊन विचारलं की उत्तर पूर्ण ऐकावं लागतं.

“गेल्यासारखा वाटतोय, साहेब.”

“तुमचा बदलीचा हुकूम आलाय ना?”

“आलाय.”

“तुम्हाला सोडायचं तर मला वर लिहून द्यावं लागतं की यांच्यावर कुठलंही प्रकरण प्रलंबित नाही. आज पाचपर्यंत. आणि हे,” साहेबांनी यंत्राकडे हनुवटी उडवली, “हे प्रकरण आहे.”

“यंत्रं बिघडतात, साहेब.”

“बिघडतात. पण तीन महिन्यांत बिघडलं तर तीनच गोष्टी. कंपनीने वाईट बनवलं, कोणीतरी वाईट वापरलं, नाहीतर घेणाऱ्याने वाईट घेतलं. पाचपर्यंत मला एक नाव आणून द्या. नाही मिळालं तर घेणाऱ्याचं नाव माझ्याकडे आहेच.”

एवढं बोलून साहेब दमले आणि निघून गेले.

भांडारपाल तसाच बसून राहिला. बायको इथून नऊ तासांवरच्या एका इस्पितळात नर्स होती. तो इथे आला तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती, आता नऊची झाली होती. मधली सहा वर्षं त्याने फोनवर ऐकली होती. चार अर्ज, दोन आश्वासनं आणि एक चुकीच्या माणसाची बदली एवढं सगळं झाल्यावर हा हुकूम आला होता, आणि आता तो एका प्रिंटरच्या तोंडात अर्धा अडकला होता.

२

कंपनीचा मेकॅनिक बाराला आला. त्याची ही दिवसातली चौथी भेट होती. चेहरा असा, की यंत्र आणि तो यांत आधी कोणाला उघडून बघावं असा प्रश्न पडावा.

त्याने झाकण काढलं आणि बॅटरीचा झोत आत टाकला.

“काय झालं?” भांडारपालाने विचारलं.

“म्हातारपण.”

“तीन महिन्यांत?”

“रोलर बघा, गुळगुळीत झालेत. कागद गरम करून शाई पक्की करणारा भाग असतो, तो फाटलाय. दात्याचं चाक तुटलंय. हे पाच वर्षं राबलेलं यंत्र आहे, भाऊ.” त्याने एक बटण दाबून धरलं. मेलेल्या यंत्राचा छोटा पडदा मात्र जिवंत होता. त्यावर आकडा आला.

१,४८,२१२.

“एक लाख अठ्ठेचाळीस हजार पानं,” मेकॅनिक जांभई देत म्हणाला. “महिन्याला जवळपास पन्नास हजार. सुट्टीच्या दिवशी तरी श्वास घेऊ दिला का याला?”

“पण पन्नास हजार चालतात की! खोक्यावर लिहिलंय.”

मेकॅनिक खाली फरशीवर बसला. हे भाषण त्याने आयुष्यात इतक्यांदा केलं होतं, की उभ्याने करायचं त्राण उरलं नव्हतं.

“खोक्यावरचा आकडा असतो ना, तो यंत्राच्या जिवाचा. म्हणजे एखाद्या महिन्यात फारच ओढाताण झाली, तर तेवढी पानं काढताना ते जागेवर मरणार नाही, इतकंच. डॉक्टर म्हणाला, या माणसाची छाती मिनिटाला एकशेऐंशीपर्यंत धडधडू शकते, म्हणून काय त्याला रोज जिन्यावरून पळवायचं? रोजच्या जगण्याचा आकडा वेगळा. तो आत पुस्तिकेत असतो, बारीक अक्षरांत. या यंत्राचा साडेसातशे ते तीन हजार.”

“दरमहा?”

“दरमहा. घेताना आपलं महिन्याचं काम मोजायचं आणि ते या बारीक आकड्यात बसतंय का ते बघायचं. मोठा आकडा फक्त दोन यंत्रं शेजारी ठेवली तर त्यातलं दणकट कुठलं, हे ताडायला बरा. पण लोक मोठाच आकडा बघतात. मोठ्या अक्षरांत असतो ना.” तो उठला. “तुमचं महिन्याचं काम किती?”

“अडीच-तीन हजार.”

“मग यंत्र अगदी बरोबर घेतलंत.”

भांडारपालाच्या जिवात जीव आला.

“चुकीच्या कारणाने घेतलंत, पण बरोबर घेतलंत. अडीच-तीन हजारच छापली असती तर चार-पाच वर्षं हललं नसतं. कोणीतरी बाकीची छापलीत. आणि हमीबद्दल म्हणाल तर आता विसरा. एवढ्या पानांवर हमी मागितली तर कंपनी मलाच घरी बसवेल.”

तो हत्यारं भरायला लागला आणि भांडारपाल हिशेबवही काढायला गेला. तीन महिन्यांत भांडारातून या यंत्रासाठी कागदाचे अठरा गठ्ठे गेले होते. गठ्ठ्यात पाचशे, म्हणजे नऊ हजार कागद. शाईच्या डब्या तीन. एका डबीत तीन हजार पानं, म्हणजे पुन्हा नऊच हजार. कागद आणि शाई दोघांचं एकमत होतं.

उरलेल्या एक लाख एकोणचाळीस हजार दोनशे बारा पानांना मात्र ना कागद लागला होता, ना शाई.

३

संशयित म्हणून पहिला हजर झाला तो कादंबरीवाला कारकून. त्याला बोलवावं लागलं नाही. चोराच्या मनात चांदणं.

“भाऊ, मी कबूल करतो,” तो खुर्ची ओढून म्हणाला. “मीच छापलं.”

“काय?”

“कादंबरी. अकराशे चौदा पानं. खंड पहिला.”

“केव्हा?”

“जेवणाच्या सुट्टीत, रोज थोडी थोडी. तुम्हाला कथानक सांगू का? एक माणूस असतो, त्याला वाटतं की तो वारलाय...”

“किती प्रती?”

“एक.” कारकुनाचा चेहरा पडला. “मागणी कुठे आहे?”

“दुसरा खंड?”

“अजून तो माणूस वारलाय की नाही तेच माझं ठरलेलं नाही.”

भांडारपालाने कागदावर अकराशे चौदा लिहिले. ही पानं त्या नऊ हजारांतलीच होती, कारण कादंबरी काळ्या शाईने पांढऱ्या कागदावर होती. त्याने स्वतः ती हातात घेऊन खात्री केली. कारकुनाने त्या निमित्ताने त्याला पहिली सात पानं वाचायला लावली. कार्यालयात आधीच थकलेला माणूस आणखी किती थकू शकतो, हे त्या सात पानांनी सिद्ध केलं.

“आणखी कोण वापरतं यंत्र?”

“सगळेच. ताई वापरतात. साहेबांच्या मेव्हण्याचं घर विकायचंय, त्याची जाहिरात साहेबांनी साठदा छापली. हे माझ्याकडून ऐकलं म्हणू नका.”

साठ. समुद्रातून चमचाभर पाणी काढल्यासारखं झालं.

तेवढ्यात दारावरून काटेकाका चालले होते. काटेकाका म्हणजे इथले सर्वांत जुने तपासनीस. छत्तीस वर्षं तराजूच्या काट्याकडे बघून त्यांची मान किंचित डावीकडे झुकली होती. अजून दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. छत्तीस वर्षांत त्यांनी मारलेला एकही शिक्का कोणाला खोटा ठरवता आला नव्हता, आणि हे ते स्वतः कधी सांगत नसत. बाकीचेच सांगत.

“काका, या यंत्रावर तुम्ही कधी काही छापलं?”

“मी?” काका थांबले. मान आणखी डावीकडे गेली. “एक अक्षरसुद्धा नाही.”

आणि ते पुढे गेले. काटेकाकांच्या बोलण्यात मिलिमीटरचाही फरक नसतो, हे सगळ्या कार्यालयाला माहीत होतं. म्हणून भांडारपालाने त्यांचं नाव खोडलं.

इथेच घोडं पेंड खाणार होतं, पण त्याला ते तेव्हा कळलं नाही.

४

टायपिस्ट ताई जेवणाचा डबा बंद करत होत्या. सांगायचं होतं, पण कोणी विचारलं नव्हतं, असा त्यांचा चेहरा होता.

“ताई, दर महिन्याअखेर तुम्ही यंत्राचा आकडा कंपनीला कळवता ना?”

“कळवते. पडद्यावर बघायचं, फॉर्मवर लिहायचं, पाठवायचं.”

“मग पहिल्याच महिन्यात तुम्हाला दिसलं नाही की आकडा पन्नास हजारांवर गेलाय?”

“दिसलं की. लिहिलंसुद्धा.” त्यांनी खणातून फाईल काढली. “फॉर्मवर ‘शेरा’ असा रकाना नाहीये, भाऊ. असता तर लिहिला असता शेरा.”

भांडारपालाने फाईल उघडली. पहिल्या महिन्याच्या अखेरचा आकडा होता ५०,०००. दुसऱ्या महिन्याच्या अखेरचा १,००,०००.

तो दोन्ही फॉर्मकडे बघत राहिला.

“ताई, खरं सांगा. हे आकडे तुम्ही अंदाजाने टाकलेत?”

“म्हणजे?” ताईंचा आवाज चढला. “मी काय घरबसल्या आकडे पाडते? यंत्रावर जे होतं ते लिहिलं!”

“अहो, पण एवढा गोल आकडा? एकही पान इकडे नाही, तिकडे नाही?”

“मी काय करू? यंत्राला विचारा. आणि विचारताच आहात तर कागदाचंही विचारा. तीन महिने मी बोंबलतेय. उघडलेल्या गठ्ठ्यातला कागद घ्यावा तर वाकडा. कडा वर आलेल्या, हाताला करकरीत लागणारा, जुन्या पुस्तकासारखा पिवळसर. दर दहा कागदांमागे एक अडकतो. नवा गठ्ठा फोडला की पहिल्या दिवशी बरा, दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर तोही वाकडा. तुम्ही स्वस्तातला आणता!”

“मी एकाच जातीचा आणतो, सहा वर्षं.”

“मग हा का म्हातारा होतो एका रात्रीत?”

भांडारपालाने खणातला गठ्ठा उचलला. वरचा कागद काढला, उजेडात धरला. पूर्ण कोरा होता. पण त्यावर लांबीच्या दिशेने दोन फिकट रेघा होत्या, रोलरच्या. एकदा नाही, पुष्कळदा उमटलेल्या. त्याने दुसरा काढला, तिसरा काढला. सगळे कोरे, आणि सगळ्यांवर त्या रेघा.

कोरा कागद यंत्रातून जाऊन कोराच बाहेर आला होता. पुन्हा आत गेला होता, आणि पुन्हा.

म्हणून कागद लागला नाही. म्हणून शाई लागली नाही. म्हणून आकडा वाढत राहिला.

हे ‘कसं’ झालं. राहिलं ‘कोण’. आणि त्याहून अवघड म्हणजे ‘कशाला’. कारण चोरी करणारा माणूस काहीतरी घेऊन जातो. यात कोणी काही घेतलं नव्हतं. कोणीतरी महिनोन्‌महिने, मोजून, काहीच छापलं नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

५

कार्यालय सकाळी दहाला उघडतं. पण झाडलोट करणाऱ्या मावशी सातला येतात. चावी त्यांच्याकडे.

“मावशी, सकाळी यंत्राच्या खोलीत काही वेगळं दिसतं?”

“वेगळं काय दिसायचंय? ऊब असते. मी फडकी तिथेच वाळत टाकते.”

“कशावर?”

“यंत्रावर. तव्यासारखं तापलेलं असतं नऊला. अर्ध्या तासात फडकं वाळतं.” मावशींना एकाएकी शंका आली. “दादा, फडक्यांमुळे नाही ना बिघडलं?”

“नाही, मावशी.”

“मी आधीच पिळून घेते हो.”

“फडक्यांमुळे नाही. सातला तुम्ही येता, नऊला यंत्र तापलेलं असतं. मधल्या दोन तासांत कोण येतं?”

“कोणी नाही.”

“नीट आठवा.”

“अहो, आठवायचं काय? तीन महिने काय, दहा वर्षं बघतेय. दहाच्या आधी इकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. मी आणि काका. बाकी कोणी नाही.”

भांडारपालाने हळूच विचारलं, “कुठले काका?”

“काटेकाका. ते तर असतातच. मी दार उघडायच्या आधी ते पायरीवर बसलेले असतात. त्यांना काय ‘आले’ म्हणायचं?”

भांडारपाल यंत्राच्या खोलीत परत आला. मेकॅनिक अजून तिथेच होता, दोन खुर्च्या जोडून डोळा लागलेला. भांडारपालाने त्याला उठवलं नाही. यंत्र एका बाजूने उचलून कलंडवलं आणि पोटाखाली पाहिलं.

तिथे, स्क्रूच्या दोन खळग्यांत, मटाराएवढ्या दोन शिशाच्या गोळ्या ठोकून बसवल्या होत्या. तराजूवर असतात तशाच. प्रत्येकीवर कार्यालयाचा शिक्का आणि तारीख. पहिलीवर पहिल्या महिन्याची अखेर. दुसरीवर दुसऱ्या महिन्याची.

तिसरा खळगा रिकामा होता.

“पास झालंय की हो,” मेकॅनिक एक डोळा उघडून म्हणाला. “दोनदा.”

६

काटेकाका आपल्या टेबलाशी छोटी वजनं चामड्याने पुसत होते. भांडारपाल समोर बसला. घड्याळात पावणेचार.

“काका, यंत्र तुम्ही तपासत होतात?”

“हो.”

“मग सांगितलं का नाही?”

“तपासणी चालू असताना सांगत नाहीत. दुकानदार सावध होतो.”

“काका, इथे दुकानदार कोण?”

काकांनी विचार केला. “तू,” ते म्हणाले. “आणलंस तू.”

मग त्यांनी खणातून नोंदवही काढून उघडून पुढे सरकवली. अक्षर इतकं नेटकं, की चौकोनी वहीचे चौकोन गबाळे वाटावेत. रोजची तारीख, सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा. सकाळी सव्वासात ते पावणेनऊ. यंत्राच्या वरच्या झेरॉक्सच्या काचेवर कोरा कागद ठेवायचा, प्रतींची संख्या टाकायची, हिरवं बटण दाबायचं. यंत्राच्या खणातले कागद संपले की बाहेर आलेलेच उलटे करून पुन्हा आत. कार्यालयाने दिवसभरात छापलेली पानं वजा करून, महिनाअखेर बरोबर पन्नास हजार भरतील असं.

“कोरे का?” भांडारपालाने विचारलं, उत्तर माहीत असूनही.

“सरकारी शाई वाया कशाला घालवू?” काका दुखावले. “आणि कागदही नवा एक घेतलेला नाही.”

“पण मुळात हे करायचं कशाला, काका?”

काटेकाकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या स्वयंपाक्याला कोणी ‘शिजवायचं कशाला?’ विचारावं.

“बाबा रे, पन्नास किलोचा तराजू आला, तर आपण काय करतो? दोन किलो ठेवून शिक्का मारतो? कमाल भार जो लिहिलाय, तो चढवून बघतो. पेलला तर पास. कमाल भार पेलत नसेल, तर तो लिहिलाच कशाला? आणि एका वाचनावर कधी शिक्का नाही. तीन वाचनं. इथे वाचन महिन्याचं, म्हणून तीन महिने लागले. पहिलं पास, दुसरं पास.” त्यांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. “तिसऱ्यात अठ्ठेचाळीस हजार दोनशे बारावर बंद पडलं. त्रुटी उणे एक हजार सातशे अठ्ठ्याऐंशी. नापास.”

“नापास!”

“मला वाईट वाटलं. दोन दिवस राहिले होते.”

“मग सकाळपासून सगळे डोकं फोडून घेतायत, तुम्ही गप्प का?”

“निकाल लेखी द्यायचा असतो. मी अकराला मजकूर सांगायला ताईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, काका, प्रिंटर बंद आहे, दुरुस्त झाला की या.”

यावर भांडारपालाला हसावं की रडावं ते कळेना. दोन्हीला लागेल इतकी शक्ती शिल्लक नव्हती, म्हणून त्याने काहीच केलं नाही.

प्रकरण सुटलं होतं. नाव मिळालं होतं. पाचला अजून तासभर होता. ‘तपासनीसाने यंत्राचा गैरवापर केला’ एवढी एक ओळ साहेबांच्या टेबलावर ठेवली, की तो मोकळा.

“काका, तराजूचं वेगळं असतं हो. प्रिंटरचा तो आकडा नेहमीचा नसतो, एखाद्याच महिन्याचा असतो. नेहमीचा महिन्याला तीन हजारांपर्यंतच.”

“असं कुठे लिहिलंय?”

“पुस्तिकेत.”

“पुस्तिका मला कोणी दिली? मी पट्टी वाचतो. छत्तीस वर्षं पट्टीच वाचतोय.” काकांचा आवाज पहिल्यांदाच किंचित हलला. “पट्टीवर तो दुसरा आकडा का नाही?”



भांडारपालाला पट्टी कोरणाऱ्याचं दुकान आठवलं. कोरणारा म्हणाला होता, दोन ओळी बसत नाहीत, एकच बसेल, कुठली टाकू? आणि त्याने एक क्षणही न थांबता सांगितलं होतं : मोठी टाक. बारीक आकडा त्याने पाहिला होता. पण तीन हजारांचं यंत्र म्हटलं की साहेबांनी नाक मुरडलं असतं. पन्नास हजारांचं म्हटल्यावर त्यांनी उभ्या उभ्या सही केली होती.

काखेत कळसा, गावाला वळसा. सकाळपासून तो ज्याला शोधत होता, तो उकिडवा बसून पट्टीकडे बघत होता.

७

त्याने अहवाल हाताने लिहिला. पाऊण पान झालं. यंत्र कामाच्या मानाने योग्य होतं. कंपनीचा दोष नाही. तपासनीसांनी पट्टीवरच्या आकड्यानुसार, कार्यालयाच्या रीतीने तपासणी केली. पट्टीवर चुकीचा आकडा घालण्यात आला. पट्टी मी लावली.

साहेबांनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून डोळे चोळले.

“म्हणजे म्हाताऱ्याने कोरी पानं छापून यंत्र मारलं.”

“पट्टी वाचून, साहेब.”

“ही शेवटची ओळ काढा.”

“कुठली?”

“‘पट्टी मी लावली.’ ती काढली तर हा तपासनीसाचा गैरवापर होतो. तुमचं प्रकरण उरत नाही. मी आत्ता सही करतो, तुम्ही परवा घरी.”

“आणि काका?”

“दोन महिने राहिलेत त्यांचे. चौकशी लागेल. शिक्का काढून घ्यावा लागेल तोवर. मग निवृत्तच होतील.” साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. “मी काही दुष्ट माणूस नाही हो. पण मला कोणा एकाचं नाव लागतं. दोघांचं घातलं तर दोन फॉर्म भरावे लागतात.”

चार पन्नास झाले होते. बाहेर काटेकाका आपली वजनं उतरत्या क्रमाने पेटीत ठेवत होते. प्रत्येक वजन ठेवताना बारीक टक असा आवाज येत होता. शिक्का काढून घेतलेला तपासनीस शेवटचे दोन महिने काय करेल, हे भांडारपालाने डोळ्यांसमोर आणून बघितलं. तो सातला पायरीवर येऊन बसेल. बसून राहील.

“ओळ राहू द्या, साहेब.”

“विचार करा.”

“केला. आणि मग तपासनीसांचं नाव काढून टाकलंत तरी चालेल. तुम्हाला एकच लागतं ना.”

 साहेबांनी पेन उचललं, तपासनीसांच्या वाक्यावर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं : ‘भांडारपाल यांचे प्रकरण प्रलंबित.’ सही करताना त्यांचा हात क्षणभर थांबला, पण थांबून करायचं काय, हे न सुचल्यामुळे पुन्हा चालू झाला.

८

बसथांब्यावरच्या बाकावर बसून त्याने फोन लावला. बायकोची पाळी नुकतीच संपली होती. मागे ढकलगाडीची चाकं वाजत होती.

“झालं का?” तिने विचारलं.

“नाही झालं.”

चाकांचा आवाज लांब गेला. 

त्याने सगळं सांगितलं. मेकॅनिक, कोरे कागद, काका, पट्टी. सांगताना त्याला वाटलं, ही आता भडकेल. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

“म्हणजे त्या काकांना तू वाचवलंस.”

“त्यांची चूक नव्हती गं. माझीच होती. म्हणजे, मुख्यत्वे माझी.”

“बरं. मग आता किती?”

“चौकशी लागेल. फार मोठं काही नाही त्यात. जास्तीत जास्त तीन महिने.”

“जास्तीत जास्त तीन,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, दिवसभराच्या पायांचं दुखणं होतं. “हे बघ. सहा वर्षं तू मला हाच एक आकडा सांगतोस. जास्तीत जास्त सहा महिने. जास्तीत जास्त दिवाणखान्याला रंग देईपर्यंत. मी तो आकडा धरून रजा मागते, पोरीला सांगते, आणि मग बसतो आम्ही दोघी. तो नको मला आता. नेहमी जे होतं, ते सांग.”

समोर एक बस थांबली, कोणी उतरलं नाही, बस गेली. भांडारपालाने पहिल्यांदाच मनातल्या मनात खरंच मोजलं. चौकशी अधिकारी नेमायला एक महिना. तो यायला दोन. कागद वर जायला, वरून प्रश्न यायला, प्रश्नाचं उत्तर जायला. मग नवा हुकूम.

“अकरा महिने,” तो म्हणाला. “एखादा इकडेतिकडे.”

 

“अकरा,” ती म्हणाली. एक लांब श्वास ऐकू आला. “बरं. अकरा धरून चालते मी. तोवर पोरीची सहामाहीची सुट्टी येते, तेव्हा आम्हीच येतो तिकडे. पंधरा दिवस.”

“इथे? अगं, एक खोली आहे.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तीन माणसं मावतात का, ते सांग. ओढूनताणून नको. नीट मावतात का?”

त्याने खोली डोळ्यांसमोर आणली. पलंग, कपाट, खिडकीखालची मोकळी जागा.

“नीट मावतात,” तो म्हणाला.